शमूच्या गाण्यातला एक शब्द

शमू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुकर मांडत होतो. डिंभ्याहून लहू बोलत होता, धरणात शमूच्या बरोबरीनं मासे धरणारा. "भाऊ, तुमचा शमूदादा पान्यात गेला," तो म्हणाला. "फिट आली व्हती त्यांना. व्हडीतनं खाली गेले. मी लगीच उडी टाकली, पर पाय जाळ्यात गुतले व्हते." शमुवेल साळवे, वय पस्तीस. आज महिना उलटून गेला. लोक म्हणतात, बुडून मेला. मी तसं म्हणत नाही. शमूला मारलं होतं, जुन्नरमध्ये, माझ्यासमोर. ते मारणं पुरं व्हायला नऊ वर्षं लागली, इतकंच.

आमचं नारायणगावात भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारं, पाणी गाळून पिणारं. अशा घरातला मी ड्रम वाजवायला शिकलो, तो कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शमूनं गिटार वाजवताना पाहिलं म्हणून. तो जुन्नरच्या ख्रिस्ती वस्तीतला, दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मुलगा. उंच, हाडकुळा, बोलायला लागला की समोरच्याच्या खांद्यावर बोटानं ताल धरायचा. चर्चमधली गाणी त्याला झोप आणायची. "देव काय म्हातारा झालाय व्हय?" म्हणायचा. पिंपळवंडीला त्याच्या मावशीच्या रिकाम्या कांदाचाळीत आम्ही दोघं आणि कीबोर्डवर त्याचा एक चुलतभाऊ, असा आमचा बँड उभा राहिला. नाव ठेवलं 'गुलगुथा', येशूला जिथं खिळलं त्या टेकडीचं. मी त्याच्या देवाचा नव्हतो, पण त्या चाळीत मला कुणी कधी परकं वाटू दिलं नाही.

मग तो रविवार आला. उपासना सुटल्यावर शमू बायबल काखेत मारून आठवडे बाजारात आला होता, मी त्याला तिथंच भेटणार होतो. मेथीच्या ढिगाशेजारी गर्दी दिसली. एका माणसाला लोक मारत होते. बाईच्या गळ्यातलं ओढलं म्हणत होते. त्यानं ते ओढलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. एकजण पट्ट्याच्या बकलानं त्याच्या तोंडावर मारत होता. माणूस गुडघ्यांवर आला, हात जोडले, तोंडातून रक्ताबरोबर दात पडला. पट्टेवाला क्षणभर थांबला, तर मागून आवाज आला, "थांबतो काय? मार रे भडव्या, आजून एक!" आणि तो परत मारू लागला. माणूस पडल्यावर लोक लाथांनी मारू लागले. पोलीस आले तेव्हा त्याचा एक कान लोंबत होता...

त्या दिवशी चाळीत शमूनं गिटार उचललीच नाही. भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "मीपन वरडलो रे."

"काय?"

"मार म्हणून. एकदाच. तोंडातनं गेलं."

पंधरा दिवसांनी त्यानं गाणं आणलं. वधस्तंभाचं गाणं, पण येशूच्या किंवा मरियेच्या तोंडचं नव्हे. ते खाली उभ्या असलेल्या गर्दीच्या तोंडचं होतं आणि त्या गर्दीची भाषा जुन्नरच्या बाजारातली होती. 'मार रे भडव्या, अजून एक खिळा मार, देवाचा पोर आहे, सोसंल अजून फार.' शेवटच्या कडव्यात गाणारा स्वतःच्या हाताकडे बघतो, तर हातोडा त्याच्याच हातात असतो. हा शब्द मी इथं लिहिलाय खरा. संपादकांनी ठेवला तर ठेवावा. तो वगळला तर शमूला काय झालं हे सांगता येत नाही.

आम्ही ते टेपवर रेकॉर्ड केलं. कॅसेटच्या प्रती निघाल्या आणि एक प्रत कशी कोण जाणे, नारायणगाव-जुन्नर प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडाप जीपवाल्यांच्या हाती लागली. ते काही भक्तीनं ऐकत नव्हते. तो शब्द आला की हसायचे, कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावायचे. चर्चला जाणाऱ्या बायका त्याच जीपमधून माना खाली घालून प्रवास करायच्या. महिन्याभरात चर्चच्या पंचमंडळींनी शमूला बोलावलं. त्याच्या सोबतीला मी गेलो, दाराशी उभा राहिलो.

पाळक वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. तो कळवळून म्हणाला, "शमुवेल, या गावात आपण मूठभर आहोत. लोक हसतात, आणि त्या हसण्यात प्रभूचं नाव आहे. तुला हे कळत नाही का?"

शमू म्हणाला, "साहेब, खिळे मारनारे काय म्हनले असतील? जरा हात पुढं करता का, असं म्हनले असतील?"

"तो एक शब्द काढ. बाकी गाणं असू दे."

"तो काढला का गर्दी शानी हुते. मग मारलं कुनी?"

एक वयस्कर पंच उठले आणि त्यांनी शमूच्या थोबाडीत मारली. जोरात, अंगठीसकट. गालावरून रक्त ओघळलं. शमूनं ते पुसलं नाही. पाळकानं हात जोडले, तेव्हा मात्र तो विरघळला. 'भडव्या'च्या जागी 'पाप्या' म्हणायचं कबूल केलं. तरी त्याच्या चुलतभावानं त्या दिवशीच बँड सोडला.

ईस्टरच्या संध्याकाळी चर्चच्या आवारात तरुण संघाचा कार्यक्रम होता. आम्ही दोघंच. तालमीत चारदा 'पाप्या' म्हणून झालं होतं. दोन गाणी नीट झाली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तिसरं हे. मी ठेका धरला, शमू माईकपाशी गेला, डोळे मिटले... आणि मूळ शब्द म्हणाला. ठरवून नव्हे. मला तो पुढं म्हणाला, तोंडात तोच आला.

सगळ्यात आधी स्टेजवर चढला तो त्याच पंचांचा मुलगा, दानिएल. तो आणि शमू रविवारच्या शाळेत एका बाकावर बसलेले. त्यानं गिटार हिसकावली, जमिनीवर आपटली आणि तिचा तुटका दांडा शमूच्या डाव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज माईकमधून सगळ्या आवारात ऐकू गेला. मागून आणखी पाच-सहाजण आले. लोखंडी खुर्च्या मिटवून त्यांच्या कडांनी मारू लागले. शमू पडला. दानिएल त्याच्या छातीवर बसून तोंडावर गुद्दे घालत होता. आणि मी... ज्यानं मुंगीसुद्धा ओलांडून चालावं असं शिकून आयुष्य काढलं होतं, त्या मी झांजेचा स्टँड उचलला आणि दानिएलच्या तोंडावर फिरवला. टोक डोळ्यात गेलं. ते आत जाताना हाताला जे जाणवलं ते मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही.

दानिएल किंचाळला. सगळे क्षणभर थबकले. शमूनं खालूनच उजवा हात लांबवून माझ्या हातातला स्टँड ओढून घेतला. रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाला, "पळ." मी हललो नाही, तर त्यानं माझ्या नडगीवर लाथ मारली. "पळ म्हनतो ना!" मी पळालो. भिंतीवर चढताना मागं पाहिलं. त्याला केसाला धरून त्याचं डोकं स्टेजच्या दगडी कडेवर आपटत होते. एकदा, दोनदा... मी तिसऱ्यांदा पाहिलं नाही. खाली बाया रडत होत्या आणि कुणीतरी आणखी मारायला सांगत होतं.

घरी गेलो तर वडिलांनी मला ओट्यावरच थांबवलं. "रक्त कोणाचं?"

"माझं नाही."

"तेच विचारतोय."

मी सांगितलं. ते आत गेले, बादलीभर पाणी घेऊन आले आणि मला तिथंच अंघोळ घातली, मी लहान असताना घालायचे तशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुण्याला मामांकडे पाठवलं. तिथंच कळलं की शुद्धीवर येताच शमूनं पोलिसांना जबाब दिला, डोळा आपणच फोडला. आठ महिने तो तुरुंगात होता. मग दोन्ही बाजूंनी तडजोड झाली. मी त्या आठ महिन्यांत एकदाही तोंड उघडलं नाही. भीती वाटत होती, एवढंच कारण. दुसरं चांगलं कारण मी अनेक वर्षं शोधलं, सापडलं नाही.

सुटल्यावर चर्चनं त्याला दार बंद केलं. तो आंबेगावच्या बाजूला डिंभ्याला गेला, मासे धरायला शिकला. दोन वर्षांनी मी हिंमत करून भेटायला गेलो. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, डोक्यावर बोटभर खाच, बोलता बोलता साधा शब्द विसरायचा. 'वल्हं' म्हणायचं असलं की हातानं करून दाखवायचा. महिन्यातून एकदोन वेळा फिट यायची.

"का घेतलंस अंगावर?" मी विचारलं.

"गानं माझं व्हतं," तो म्हणाला. "तू नुसता वाजवत व्हता." मग हसून, "ठेका मातर लई बेकार धरला व्हतास त्या दिशी."

त्यानंतर मी दर दिवाळीला जात राहिलो. तो प्रत्येक वेळी मासा कधी न शिजवलेली वेगळी पातेली माझ्यासाठी ठेवायचा. त्या रात्रीबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही.

नवीन पाळकानं त्याला जुन्नरच्या दफनभूमीत जागा दिली. माती द्यायला वीसेक माणसं होती. सगळ्यात शेवटी दानिएल आला, एका डोळ्यावर पांढरा पडदा. मूठभर माती टाकून बाजूला उभा राहिला. मी त्याच्यापाशी गेलो. नऊ वर्षं घशात अडकलेलं वाक्य बाहेर काढलं. "दानिएल, डोळा शमूनं नाही फोडला. मी फोडला."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "म्हाईत आहे. समोरनंच आला व्हतास तू."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं काय करायचं व्हतं आमाला? आमाला शमूच पायजे व्हता." हातावरची माती झटकत म्हणाला, "तवा पायजे व्हता..." आणि फाटकाकडे चालू लागला.

गेल्या आठवड्यात डिंभ्याला जाऊन आलो. शमूची खोली लहूनं अजून रिकामी केलेली नाही. दोन भिंतींमध्ये अर्धवट विणलेलं जाळं ताणून बांधलेलं आहे. रोज संध्याकाळी तो हे विणायचा, वाकड्या बोटांत दोरा अडकवून, दर गाठीला हलकेच मान हलवत. लहू मला गाठी दाखवत होता. डावीकडच्या सगळ्या किंचित तिरक्या, पण एकही सुटलेली नाही. मग त्यानं सहज विचारलं, "भाऊ, तिकडं कुनाचा डोळा फोडल्याला म्हनं त्यांनी?"

"त्यानं नाही, लहू. मी फोडला."

लहूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या फार दुःखी माणसाकडे पाहावं. "नगा असं म्हनू, भाऊ. शमूदादानं मला सोता सांगितलंय. आन् ते खोटं नव्हते बोलत कदी."

 त्यानं खिळ्यावरून जाळ्याचं एक टोक सोडवलं आणि माझ्यापुढं केलं. "हे धरा जरा. राह्यलंय तेवढं विनून टाकतो." मी दोन्ही हातांनी धरलं. अंधार पडेपर्यंत धरून होतो.