माडावरची बाळंतीण

अख्ख्या पेडणे महालात बदकाचं बाळंतपण घरच्या बाळंतपणाइतकं मनावर घेणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे माझ्या बायकोचे पार्सेतले मामा. अडई नावाची ती रानबदकं, तपकिरी, लांब मानेची, उडताना शीळ घालणारी. मामा त्यांना 'हंस' म्हणत. त्यांची स्वतःचीही मान लांबच होती आणि शीळ तर उत्तम. गोवा घटकराज्य होत होतं, मराठी की कोकणी यावरून गावात दोन तट पडले होते, सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते. मामांना कोणी त्यांचा तट विचारला की ते शीळ घालत. दोन्ही तटांनी त्यांचा नाद सोडला.

त्या पावसाळ्यात अडयांच्या जोडीने तळीकाठच्या वाकड्या माडाच्या शेंड्यात अंडी घातली. नर-मादी आळीपाळीने उबवतात हे मामांनी कौतुकाने सांगितलं, तर मामी म्हणाल्या, "शिका कायतरी त्याच्याकडसून." पंचाईत वेगळीच होती. तो माड मामींच्या सासूने लावलेला. चवथीला गणपतीवर जी फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्यातली नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घोस, दरवर्षी त्याच माडाची. पाडेली नारळ पाडायला आला तर मामा माडाला पाठ लावून उभे. "बाळंतिणीच्या खोलीत गडी धाडतत काय रे?" पाडेली चहा पिऊन गेला.

माटोळी नारळाविना बांधली गेली. दर्शनाला येणारा प्रत्येक जण वर बघे, मग मामींकडे बघे. मामी विसर्जनापर्यंत मामांशी बोलल्या नाहीत.

विसर्जन त्याच तळीत. मामा गणपती घेऊन पायरीवर उतरले आणि माडावरून पहिलं पिल्लू टपकन पाण्यात पडलं. मग दुसरं, तिसरं. आरती थांबली. "आधी तीं जावंदेत," मामा म्हणाले, "देव थांबतलो." आईबापांमागून ती कापसाची बोंडं पलीकडच्या लव्हाळ्यात शिरेपर्यंत गणपती मामांच्या हातांतच. मामींनी हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. अडया पुन्हा त्या माडावर आल्या नाहीत. यंदा चवथीला गेलो तर माटोळीत पेंडीची जागा रिकामीच. मला मामांची फार आठवण झाली. पाडेली मिळाला नाही का, म्हणून मामींना विचारलं.

"पाडेली येऊन गेलो," मामी वाती वळता वळता म्हणाल्या. "मीच माडार चडूक दिलंय नाय. परत इलीं तर खंय रवतलीं?"