बळीरामनं न बांधलेली पुडी

बडा फुहारा चौकाजवळच्या दवाखान्यातल्या बळीराम कंपाउंडरला रामराव ओळखत होते म्हणजे काय, तर त्याचे हात ओळखत होते. औषधाच्या खिडकीतून तेवढेच दिसायचे. त्याचं घर कुठं, घरात कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत रामरावांची बायको अंजनी तापानं आडवी झाली. डॉक्टरांनी ॲस्पिरिनच्या पुड्या लिहून दिल्या, दर दोन तासांनी एक. पुडी घेतली की घाम फुटायचा, आणि घाम फुटला की ताप निघाला, असं सगळं गाव मानत होतं. म्हणून घाम वाळला की रामराव घड्याळ न पाहता पुढची पुडी द्यायचे. दोन दिवसांच्या पुड्या एका दिवसात संपल्या. सकाळी ते पुन्हा खिडकीशी उभे राहिले.

बळीरामनं विचारलं, वहिनींच्या कानात घणघण होते का, श्वास भरभर चालतो का, भलतंसलतं बोलतात का. रामराव तिन्हीला हो म्हणाले. त्यानं बरणीला झाकण लावलं.

"हे सगळं तापाचं नाही, पुडीचं आहे. पाणी पाजा, पेज द्या. मी बांधत नाही."

कंपाउंडरनं डॉक्टरकी काहून करावी, असं रामरावांनी रांगेदेखत सुनावलं. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. लिहिलंय तेवढं मुकाट्यानं बांध, म्हणाले.

"या आठवड्यात अशा तिघांना मीच बांधून दिल्या, साहेब. तिघंही गेले. आता माझे हात नाही चालणार. हा तराजू, तुम्ही बांधा."

डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. त्यानं हात धुतले, टोपी घातली आणि रांगेतून मान वर करून निघून गेला.

पुड्या डॉक्टरांनी स्वतः बांधून दिल्या. घड्या वेड्यावाकड्या होत्या. घरी आल्यावर रामरावांनी एक उघडली, अंजनीच्या धपापत्या छातीकडे पाहिलं आणि पुडी कोनाड्यात ठेवून पेज टाकली. चौथ्या दिवशी ती उठून बसली. पुडी चुकली म्हणून, की तिचं आयुष्य होतं म्हणून, हे त्यांना कधीच नीट कळलं नाही.

दिवाळीनंतर बळीराम सराफ्यात दिसला. एका सोनाराकडे वजनाच्या काट्याशी कामाला बसला होता. माफी मागायची म्हणून रामराव पायरी चढले, पण तोंडून निघालं एवढंच, "अंजनी बरी आहे."

"अच्छा." त्याची नजर काट्यावरच होती. "जरा सरका, रामरावजी. उजेड अडून राहिला."

"हो, हो," म्हणत रामराव सरकले.