वघईच्या धबधब्यापाशी माय बोलली

माझ्या मायला डोंगर बघायची फार हौस होती, असं आमच्या गल्लीतलं कुणी आजही म्हणालं की माझं डोकं फिरतं. कसली हौस? तिला डोंगर नको होते, घाट नको होता, सापुताऱ्याचं तळंही नको होतं. तिला नवऱ्याशी पाच मिनिटं बोलायचं होतं. तेवढ्यासाठी ती सुरतेहून वघईपर्यंत गेली.

आम्ही लिंबायतला राहायचो. एक खोली, पुढे ओटा, दोन्ही बाजूंना अर्ध्या विटेची भिंत आणि वर पत्रा. आमच्याकडे कसली भाजी शिजतेय ते तिसऱ्या खोलीतल्या बाईला आमच्याआधी कळायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात कामाला होते. खातं म्हणजे एका छपराखाली रांगेने माग आणि बारा तास नुसता खडखडाट. त्या खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले. मी सातवीत होते तेव्हाच त्यांना घरातलं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं. मीठ हवं का, एवढं विचारायलाही मायला ओरडावं लागायचं. मग शेजारीण भिंतीपलीकडून सांगायची, "अगं, विचारतेस काय, वाढ की!" आम्ही हसायचो. कधी चिडायचो. अप्पा मात्र न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला मान हलवायचे. हो म्हटलं की समोरचा गप्प बसतो, हे त्यांना कधीच उमगलं होतं.

खात्यात गेलं की हाच माणूस वेगळा व्हायचा. मी डबा घेऊन दारापर्यंत जायचे. आत कान फाटतील असा आवाज, आणि अप्पा तिकडच्या मागावरच्या माणसाशी मजेत गप्पा मारतायत, पोट धरून हसतायत. एकदा मला ताप होता म्हणून माय डबा घेऊन गेली. तिने दारातून ते पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "तठे त्यासले बठ्ठं ऐकू येस वं! गलकामा ऐकू येस, घरमा नही." घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. मलाही ते पटलं. बहिऱ्याचे कान गोंगाटात उघडतात, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं.

त्याच वर्षी श्रावणात तिने मला मोरीच्या पडद्याआड बोलावलं. माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ होती, कडक. मी पंधरा वर्षांची. घाबरून रडायलाच लागले. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, घरधन्याला माहीत नसताना परक्या माणसापुढे पदर कसा काढू? मग सांग ना त्यांना, मी म्हटलं. आणि तिथेच गाडी अडली.

सांगणार कसं? हळू बोललं तर अप्पांना कळणार नाही. ओरडलं तर सगळ्या गल्लीला कळेल. अप्पांना अक्षर सहीपुरतं. चिठ्ठी लिहिली असती तरी वाचून दाखवायला मीच लागले असते, आणि असली गोष्ट मुलीने बापाला सांगायची नसते. शिवाय माझ्यासाठी एक स्थळ बघायचं बोलणं चाललं होतं. ज्या पोरीच्या आईला असलं काही आहे तिला कोण करून घेईल, ही भीती मायच्या मनात घट्ट बसली होती. अशी ती दोन महिने गाठ घेऊन भाकरी थापत राहिली.

मग गल्लीतली एक बाई वघईला जाऊन आली. गिरा धबधब्याचं कौतुक सांगताना म्हणाली, काय तो आवाज, अगदी खात्यात उभं असल्यासारखं वाटतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मायने निवडायची मेथी खाली ठेवली आणि तिला दोनदा विचारलं, खरंच खात्यासारखा?

दिवाळीत खाती बंद असतात, लाभपाचमीपर्यंत. दरवर्षी आम्ही गावी जायचो. त्या वर्षी माय हटून बसली, की गडावर देवीला जायचं, आणि वघई-सापुताऱ्यावरूनच जायचं. अप्पांना नवल वाटलं, पण बायकोने उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. त्यांनी नवागामच्या मोठ्या बाबांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, आणि त्यांच्या बायकोला, मोठ्या मायला, सोबत घेतलं आणि जीप ठरवली. मायचा चेहरा पडला. जेठ, म्हणजे थोरला दीर, बरोबर असला की सगळा प्रवास डोक्यावरून पदर. पण नको म्हणायला कारण काय देणार?

पहाटे निघालो. बारडोलीचा ऊस मागे पडला, उनाईला गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून झाले. तिथून पुढे दोन्ही बाजूंना साग, मध्ये मध्ये बांबूची बनं, आणि रस्ता असा वळायला लागला की मोठी माय डोळे मिटून देवीचा जप करायला लागली. मी सुरतेबाहेर इतकं हिरवं कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, काही वेळ मी गाठ विसरले. खिडकीबाहेर तोंड काढून वारा खात होते, आणि माय मागच्या सीटवर ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होती.

त्या वर्षी पाऊस लांबला होता, धबधबा भरून कोसळत होता. जीपमधून उतरलो तेव्हाच गुरगुर ऐकू आली. खडकांवर पोहोचलो तेव्हा मोठे बाबा काय बोलतायत ते मला त्यांच्या शेजारी उभं राहूनही कळेना. अप्पा मात्र खूश! तुषार अंगावर घेत ते माझ्याकडे बघून हसले आणि हातानेच मागाची खूण केली. मायने मला डोळ्यांनी खुणावलं. मी मोठ्या मायला तिथे विकायला मांडलेल्या बांबूच्या टोपल्या बघायच्या म्हणून थोडं बाजूला नेलं आणि दहा पावलांवर पाठ अर्धी वळवून उभी राहिले.

मी सगळं पाहिलं. अप्पा एका खडकावर बसले होते, माय त्यांच्यासमोर उकिडवी बसली. मोठे बाबा समोरच्याच दगडावर, तिच्याकडे तोंड करून. वाऱ्याने पदर उडत होता. जेठासमोर डोकं उघडं पडू नये म्हणून तिने तो पुढे ओढला आणि काठ तोंडावर घट्ट धरून ठेवला. मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. तिचे खांदे हलत होते. अप्पा तिच्याकडे बघत होते. तिचं संपल्यावर त्यांनी मान हलवली, हळू, दोनदा.

ती उठून माझ्याकडे आली. डोळे लाल, पण चेहरा इतका मोकळा की मला तिला मिठी मारावीशी वाटली.

"सांगी टाकं," ती माझ्या कानाशी ओरडली.

"काय म्हणनात?"

"मान हालाई. करतीन काहीतरी."

तिथून पुढचा प्रवास म्हणजे माझ्या मायचा सगळ्यात सुखाचा दिवस. सापुताऱ्याच्या घाटात जीप तापली, सगळे उतरून दरीच्या कडेला उभे राहिलो, तर ती ढगाला हात लावायला बघत होती. तळ्यातल्या नावेत ती अप्पांच्या शेजारी बसली, जेठ दुसऱ्या नावेत होते म्हणून पदर खांद्यावर सोडून. संध्याकाळी गारठा पडला तेव्हा अप्पांनी दुकानातून तिच्यासाठी तपकिरी शाल आणली. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "दखं? त्यासले काळजी लागनी." दुसऱ्या दिवशी गडाच्या पायऱ्या ती माझ्याआधी चढली.

घरी आलो. खाती सुरू झाली. माय वाट बघत राहिली.

आज म्हणतील, उद्या म्हणतील, चल डॉक्टरकडे. अप्पा काही म्हणेनात. कामाला जायचे, यायचे, जेवायचे. मी म्हणायचे, पुन्हा सांग. ती भडकायची, "एकदाव सांगं ना! बाईनी कितींदाव सांगानं?" पुढे पुढे ती ताट आपटून वाढायला लागली. अप्पा विचारायचे, काय झालं? ती उत्तर द्यायची नाही. माझ्याकडे बघून म्हणायची, माहीत असून विचारतात. मलाही त्यांचा इतका राग आला होता की डबा न्यायचं मी बंद केलं. बायको मरो, तुम्ही गप्पा हाणा खात्यात, असं मनात म्हणायचे. त्या बिचाऱ्या माणसाला घरातल्या दोन बायका का फुगल्या आहेत ते कळत नव्हतं, आणि तो आपला येता-जाता मान हलवत होता.

होळीच्या सुमारास गाठ फुटली. चोळीवरचा डाग मोठ्या मायने पाहिला आणि मग सगळं एका दिवसात सगळ्यांना कळलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षयतृतीयेपर्यंत, काढेल. तेवढेच दिवस काढले तिने.

त्या दिवशी डॉक्टरांचं बोलणं मोठ्या बाबांनी अप्पांच्या कानाशी ओरडून सांगितलं. अप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, कधीपासून होतं हे? माझं डोकंच फिरलं. आजूबाजूला माणसं आहेत, हे विसरून मी किंचाळले, "तुम्हाला माहीत होतं! वघईला धबधब्यापाशी तिने सांगितलं होतं! तुम्ही मान हलवली होती!"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तोंडाकडेच. मग म्हणाले, "तोंडवर पदर व्हता ना तिना. माले काय समजी?"

मी म्हटलं, गोंगाटात तुम्हाला ऐकू येतं ना? खात्यात येतं ना?

"खातामा कोन ऐकस? आम्ही तोंड दखतस, पोरी."

पदर मी पाहिला होता. दहा पावलांवरून पाहिला होता.

अप्पा आत गेले, मी त्यांच्या मागे. वॉर्डात परकी माणसं होती, म्हणून मायने त्यांना बघून सवयीने पदर तोंडाशी ओढला. अप्पांनी वाकून तो तिच्या मुठीतून सोडवला आणि खांद्यावर ठेवला. तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले, ती पुन्हा ओढेल म्हणून.

"आते सांग," ते म्हणाले. बहिऱ्याचा आवाज, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

माय माझ्याकडे बघत होती. मग तिला कळलं, वघईला त्यांना काहीच पोचलं नव्हतं. तिच्या अंगात आवाज काढायचं बळ नव्हतं, नुसते ओठ हलले. मला एक शब्द ऐकू आला नाही. अप्पा तिच्या तोंडावरची नजर न काढता शेवटपर्यंत बघत राहिले. तिचं सांगून झालं तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. पलंगाचा गज धरून ते खाली बसले.