अकराचा भोंगा

गुणवंती शीव कोळीवाड्याची. परळच्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात ती आया होती. लंगोट बदलायचे, बाटल्या उकळायच्या, वॉर्डाबाहेर रडत बसलेल्या बायकांना चहा पाजायचा, ही तिची पगाराची कामं. पण लालबाग-परळच्या चाळींत तिचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच कामामुळे, आणि त्या कामाला तेव्हा काही नाव नव्हतं. जी मुलं बोलत नाहीत, हाक मारली तर वळून बघत नाहीत, डबीचं एकच झाकण तासन्‌तास गरगर फिरवत बसतात, त्यांच्या घरी ही बाई ड्युटी सुटल्यावर जायची. डॉक्टर अशा मुलांना मंदबुद्धी म्हणून मोकळे व्हायचे आणि चाळकरी बाधा म्हणून. गुणवंती काहीच म्हणायची नाही. उंबऱ्यात बसून वाटाणे सोलायची आणि मुलाकडे न बघता मुलाला बघायची.

हे ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. तिचा धाकटा भाऊ जगन असाच होता. लहानपणी तो डोकं आपटून घ्यायचा, ताटं भिरकवायचा. त्यांचा बाप विठोबा तांडेल मोठा हट्टी माणूस. पोराला बांधून घालायचं नाही म्हणाला. त्यानं जगनचं सगळं भरती-ओहोटीला जोडून टाकलं. पाणी चढलं की जेवण, पाणी उतरलं की खाडीच्या कडेला जाळ्याशी बसायचं. सहा महिन्यांत जगन निवळला. माणसांचा शब्द आज एक तर उद्या दुसरा. समुद्र मात्र कधी थापा मारत नाही, एवढं त्या मुक्या पोराला कळलं होतं. जगन तापानं गेला तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि त्याच्या मनगटावर दोरीचा एकही वळ नव्हता. गुणवंतीला भावाचा अभिमान होता, बापाचा त्याहून जास्त. अशा मुलांना माणसाच्या हातात नसलेली एक गोष्ट द्यायची, हे तिनं तिथूनच उचललं.

पंचावन्न सालच्या गणपतीनंतर ती लालबागच्या दत्तारामच्या खोलीवर पहिल्यांदा गेली. दत्ताराम मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. बायको राधाबाई, आणि सात वर्षांची एकुलती एक मुलगी, कौशी. कौशीच्या कमरेला दोरी होती आणि दोरीचं टोक खाटेच्या पायाला. सोडलं की ती गॅलरीतून सुसाट निघायची, कोणाच्याही चुलीवरच्या टोपात हात घालायची. दोनदा भाजली होती. अडवणाऱ्या शेजारणीला चावली होती, ती शेजारीण टाके घालून आली. पोरीला हलवा नाहीतर खोली सोडा, असं चाळकमिटीनं निकराचं सांगितलं होतं. वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा डॉक्टरांचा कागदही सही होऊन आला होता.

"संक्रांतीपर्यंत थांबतंय," दत्ताराम म्हणाला. "तवसर चेडू ताटावर नीट बसूक लागला तर ऱ्हवांदे घरात. नायतर माझो इलाज नाय, गुणाबाय."

राधाबाईनं तिचे पाय धरले. गुणवंतीनं ते सोडवून घेतले आणि उंबऱ्यात बसून वाटाणे सोलायला घेतले.

पंधरा दिवसांत तिला पाहिजे ते सापडलं. गिरणीचा भोंगा झाला की कौशी जागच्या जागी थिजायची, मान तिरपी करून ऐकायची, आणि आवाज विरेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर चक्क शांतता असायची. गुणवंतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लालबागला समुद्र नाही, पण भोंगा आहे! सातच्या भोंग्याला तोंड धुणं, अकराच्या भोंग्याला जेवण, तीनच्या भोंग्याला गॅलरीत चक्कर. अकराच्या आधी ताटली मांडायची, त्यावर कौशीचा हात पालथा ठेवायचा आणि एकच शब्द बोलायचा: थांब. भोंगा वाजला की हात उचलायचा.

"आणि वैनी, एक ध्यानात ठेवा," तिनं राधाबाईला बजावलं. "जेव म्हणून तुमी बोलायचं नाय. कोणीच नाय. तुमी बोललात की ती तुमच्याशी झगडणार. भोंगाच सांगंल तिला जेव म्हणून. भोंग्याशी कोण झगडणार?"

रविवारी गिरणी बंद. त्या दिवसाला तिनं वेगळी खूण लावली. सकाळी कौशीच्या डोक्यावर खोबरेल चोपडायचं, आणि तेल लागलं की त्या दिवशी ताटलीवर हात ठेवायचाच नाही.

राधाबाईनं तीन महिने हे इमानानं केलं. पहिला दीड महिना ताटल्या भिंतीवर आपटल्या, आमटीचे ओघळ छतापर्यंत गेले. शेजारणी नाकं मुरडत होत्या. बाई इस्पितळातली, डोकं कोळणीचं, म्हणायच्या. मग एक दिवस हात ताटलीवर राहिला. दिवाळीनंतर दोरी सुटली. संक्रांतीला राधाबाईनं शेजारणींना बोलावलं आणि त्यांच्यादेखत कौशी ताटलीवर हात ठेवून भोंग्याची वाट बघत बसली, भोंगा झाल्यावर चार घास जेवली. कौशी जिला चावली होती त्या शेजारणीनं स्वतः तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. दत्तारामनं तो सही केलेला कागद फाडला नाही, देवाच्या फोटोमागे सरकवला. गुणवंतीनं ते पाहिलं होतं. पण त्या दिवशी ती फार खूश होती.

दोनच दिवसांनी सोमवारी रात्री मुंबई महाराष्ट्राला मिळणार नसल्याची बातमी आली. मंगळवारी सकाळी सात वाजता भोंगा वाजला नाही.

कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या होत्या. रस्त्यावर दगड, जळते टायर, अश्रुधूर, पोलिसांच्या लॉऱ्या. माणसं पेटली होती आणि त्यांचं काही चुकत होतं असं गुणवंतीला कधीच वाटलं नाही, तिच्याही ओठांवर तेच मागणं होतं. पण लालबागच्या त्या खोलीत एक पोरगी ताटलीवर हात ठेवून बसली होती. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. हात हलला नाही.

राधाबाईनं मग अक्कल लढवली. बुधवारी सकाळी तिनं कौशीच्या डोक्याला तेल चोपडलं, रविवार करून टाकला. कौशी जेवली. गुरुवारी पुन्हा तेल लावायला गेली तर कौशीनं तेलाची बाटली फोडली. सलग दोन रविवार येत नाहीत, एवढा हिशेब त्या मुलीला पक्का होता. आता तेलावरचा भरवसाही उडाला. होतं तेही गेलं.

गुरुवारी दुपारी संचारबंदीतून, इस्पितळाचा बिल्ला छातीला लावून, गल्ल्याबोळांतून गुणवंती तिथे पोचली. पदराखाली बापाचा शंख होता, धुक्यात होडीवर फुंकायचा. तिनं ताटली मांडली, कौशीचा हात त्यावर ठेवला, गॅलरीत गेली आणि गाल फुटेस्तोवर फुंकला. कौशीची मान तिरपी झाली. मुलगी ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि मग तिनं ताटली उपडी केली. खालून कोणीतरी ओरडलं, "शंख कोण फुकतंय रे? पोलिसांना वर आणताय काय?"

"बोला ना आता जेव म्हणून," राधाबाई रडकुंडीला आली. "गुणाबाय, तुमी तरी बोला."

गुणवंती कौशीसमोर बसली आणि म्हणाली, "जेव." हळू म्हणाली, जोरात म्हणाली, घास तोंडाशी नेला. कौशीनं तिच्याकडे बघितलंच नाही. माणसाच्या तोंडचा तो शब्द त्या घरात तीन महिन्यांत कोणी उच्चारला नव्हता. कोणी उच्चारायचा नाही, हा नियम गुणवंतीचा होता.

शुक्रवारी कौशी पळाली. ती गेली गिरणीच्या फाटकाकडे, जिथून भोंगा येतो तिथे. बंद फाटकावर तिनं डोकं आपटलं. मागे धावलेल्या दत्तारामच्या दंडावर लाठी बसली, तरी त्यानं पोरीला उचलून आणलं. तिच्या कपाळाची चामडी लोंबत होती. पुन्हा दोरी आली. चाळकमिटीला बोलावंही लागलं नाही. दत्तारामनं एका हातानं देवाच्या फोटोमागचा कागद काढला.

"चार दिवस थांबा भाऊ," गुणवंती म्हणाली. "गिरण्या सुरू व्हतील. भोंगा वाजंल, ती सुधारंल."

"आणि परत बंद पडल्यो तर?" दत्ताराम म्हणाला. "परत पडतल्यो, गुणाबाय. मुंबई हातात गावासर आमी थांबूचे नाय. मी एकटो कसो कामार जाव?" हे बोलताना तो ढसाढसा रडत होता.

पुढच्या आठवड्यात गिरण्या सुरू झाल्या. अकराचा भोंगा झाला. राधाबाईनं सवयीनं ताटली मांडलेली होती. कौशीला दोन दिवसांपूर्वीच नेलं होतं.

महिन्याभरानं भेटीची परवानगी मिळाली. दोघी बायका गेल्या. वेड्यांचं इस्पितळ शहराबाहेर, झाडंच झाडं, गिरणीचं नाव नाही. परिचारिका चांगली होती, वैतागलेलीही होती.

"पोरगी शांत आहे हो," ती म्हणाली. "त्रास काहीच नाही. पण जेवत नाही. ताटावर बसवली की हात ठेवून बसून राहते. किती सांगितलं जेव, जेव. नळीनं पेज घालतो, तेवढीच."

कौशी लांब ओटीवर बसली होती. हाडं दिसत होती. पुढ्यातल्या ताटलीवर तिचा हात पालथा होता, अगदी शिकवला तसा. मान किंचित तिरपी. गुणवंतीनं तो हात आपल्या हातात घेतला, घट्ट धरला, उचलला. सोडल्याबरोबर तो परत ताटलीवर गेला. तिनं पुन्हा उचलला. परत गेला. राधाबाई बाजूला तोंडात पदर कोंबून उभी होती.

"थांब म्हणून मी शिकवलं हिला," गुणवंती परिचारिकेला म्हणाली. "पुरं शिकली."

चैत्रात कौशी गेली.

गुणवंतीनं ते काम सोडलं नाही, पण आपलाच जुना नियम मोडून केलं. नव्या घरी गेली की आईला आधी म्हणायची, पोराचा हात तुमी उचला, जेव तुमीच बोला, चावलं तरी बोला. त्या बायकांना वाटायचं, बाई चिडकी आहे. काही मुलं सुधारली, बरीचशी नाही. चार वर्षांनी मुंबई मिळाली. त्या दिवशी गिरण्या बंद होत्या, गल्लीगल्लीत पेढे वाटत होते. गुणवंती ड्युटीवर होती. तिनं पेढा घेतला, घड्याळाकडे बघितलं. अकरा होऊन गेले होते. पेढा हातात धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली, शेवटी दुसऱ्या आयेनं तिच्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "खा गं, काय वाट बघतेस?"