कुस्तीची अक्षरं

आमच्या गावच्या छापखान्यात जाडजूड लाकडी अक्षरं होती, पाय रोवून उभ्या पैलवानांसारखी. ती फक्त कुस्त्यांच्या आणि सत्कारांच्या जाहिरातींना लावत. त्यांत पुढाऱ्यांची नावं पुढाऱ्यांपेक्षा भक्कम दिसत.

एकदा शेवंताबाई नव्या खानावळीची जाहिरात छापायला आल्या. छापखानेवाले अण्णा नाजूक अक्षरं काढू लागले.

"ही कोण वाचणार, अण्णा? कुस्तीची लावा."

"बाई, झुणका-भाकर आहे, दंगल नाही."

"पहिल्या दिवशी माणसं आली नाहीत तर चूल परत घरात न्यावी लागेल. माझी दंगलच आहे ती."

'झणझणीत झुणका' चौकात झळकला. उद्घाटनाला प्रमुख पाहुणा नव्हता आणि गर्दीत बसायला जागाही नव्हती. मी उभ्यानेच जेवलो. सत्कारांत राबलेल्या अक्षरांना अखेर खरं बोलायला मिळालं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.