कासवाचं शिळं पाणी

आमचे शेजारी दाजी म्हणजे जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस. जाळ्यात कासव सापडलं तर नारळ वाढवून, हात जोडून परत पाण्यात सोडणारे. आणि नशीब बघा, म्हातारपणी त्यांच्याच पडवीत काचेच्या टाकीत वीतभर कासव येऊन बसलं! पुण्याची नात अक्षया सुट्टीला आली, ती जाताना ठेवून गेली. बायको गेल्यापासून दाजी घरात एकटे, आणि सोबतीला हे मुकं.

कासव म्हणजे समुद्राचंच, म्हणून दाजींनी बादलीभर खारं पाणी आणून ओतलं. कासव गळाठलं. मग घाबरून नळाचं पाणी थेट घातलं. जंतू मारायची पावडर असते हो त्यात, वास नाकात जातो! कासवाचे डोळे सुजून बंद झाले. शेवटी अक्षयाला फोन लावला.

"आजोबा, ते गोड्या पाण्यातलं आहे. नळाचं पाणी घमेल्यात उघडं ठेवा, दिवसभर उन्हात. औषध उडून गेलं की मगच घाला."

मग रोज संध्याकाळी तिचा फोन. डोळे उघडले का, खाल्लं का? दाजी फोन झाला की पडवीतून मला ओरडून सगळं सांगायचे. कासव बरं झालं आणि फोन यायचा थांबला.

एकदा मी मासे विकून रिकामी टोपली घेऊन येत होते, तर दाजी नळाची ताजी बादली टाकीवर धरून उभे. मी ओरडलेच, "दाजीनू, काय करतास? मरात ता!"

दाजींनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "डोळे सुजले तर चेडवाचो फोन येतलो गो."

मला राग आला तो त्या पोरीचा. "मगे तुमीच लावा फोन!"

"मी लावलंय तर 'नंतर करते' म्हणता चेडू."

मग त्यांनीच ते पाणी घमेल्यात ओतलं. "ह्या मुक्याचो काय गुन्हो?" म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

तेव्हापासून बाजारातून येताना मीच कुंपणावरून हाक मारते, "दाजीनू, कासव कसा आसा?"

"बरा आसा गो. आज सोललेली बारकी सुंगटा खाल्ल्यान."

काल मासळी खपता खपेना. उशीर झाला, मी तशीच घरात शिरले. आज सकाळी दार उघडलं, तर दाजी कुंपणाशी उभे.

"सुगंधा, काल तू इचारलंस नाय गो."