तात्या आणि नबाबाच्या लाथा

बोईसर स्टेशनात गाडी लागली की बाहेरचे सगळे टांगेवाले "तारापूर, तारापूर" करत गळा काढायचे. तात्या मात्र गिऱ्हाइकाच्या जवळ जाऊन, गुपित सांगावं तसं विचारायचे, "तारापूरला जायचं ना?" नवखा माणूस दचकून आधी खिसा चाचपायचा. पण घोड्याकडे नजर गेली की मुकाट टांग्यात चढायचा. बाकीचे घोडे पाय आपटत, दात विचकत उभे असायचे आणि तात्यांचा मात्र लग्नघरातल्या एखाद्या पोक्त मामासारखा.

"घोड्यावर वरडलं की त्याला वाटतं, मालक पण आपल्यासारखाच हाय," तात्या म्हणायचे. "मग तो तुमचं कशाला ऐकल?"

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या नवऱ्याला तिथं नोकरी लागली आणि आम्ही सासूबाईंना घेऊन साताऱ्याकडून बोईसरला आलो. पत्र्याची चाळ, चाळीच्या टोकाला तात्यांची खोली आणि तिला लागूनच तबेला. तात्यांची बायको वारली होती, मुलगी जवळच्याच मुरबे गावात दिलेली. घरात ते आणि घोडा, एवढंच कुटुंब.

लोक त्यांच्याकडे वांड घोडे घेऊन यायचे. पालघरच्या एका टांगेवाल्याचा घोडा तबेल्यात बांधला की दिवसभर खिंकाळायचा. तात्यांनी त्याच्याशेजारी एक शेळी नेऊन बांधली आणि घोडा गप्प झाला. मालकाला ते पटेना. "आता शेळीला पण टांग्यात बसवू का?" त्यानं विचारलं. तात्या म्हणाले, "टांग्यात नको, तबेल्यात ठेव. तुला एकट्याला बांधून घातलं तर तू पण वरडशील."

जुना घोडा गेल्यावर अशा माणसाच्या घरी नबाब आला. तांबडा, देखणा, चालीला सुरेख. आधीचा मालक कंटाळला होता म्हणून तात्यांना तो स्वस्तात मिळाला. मालक का कंटाळला, ते दुसऱ्या दिवशी पहाटे साऱ्या चाळीला कळलं. उजाडायच्या आत नबाब तबेल्याच्या पत्र्यावर लाथा झाडू लागला. जिन्यावरून कुणी तांब्या-पितळेची भांडी गडगडत सोडावीत तसा आवाज. पुढ्यात दाण्याची चंदी येईपर्यंत थांबायचं नाव नाही. चाळमालकानं बजावलं, दिवाळीपर्यंत घोडा गप्प झाला नाही तर तबेला रिकामा करा. तबेला गेला म्हणजे टांगा गेला, आणि टांग्यावाचून तात्या काय करणार?

मीही तक्रार घेऊन गेलेच होते. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो वाईट नाय, बाय. लाथ मारली की चंदी येते, असं त्याला कोनीतरी शिकवलंय. आता गप्प राहिलं की येते, असं मी शिकवतोय. पहिलं जास्त वाजवल. जरा कळ काढा."

नबाबानं खरंच जास्त वाजवलं. तात्या रोज पहाटे चंदीनं भरलेली तोबऱ्याची पिशवी हातात धरून तबेल्याबाहेर उभे राहायचे. लाथ बसली की पाठ फिरवायचे. आत क्षणभर शांतता झाली की आत जाऊन तोबरा त्याच्या तोंडाला चढवायचे. चाळ कानात बोळे घालून बसली. हळूहळू लाथा कमी झाल्या, आणि मग एकाएकी पुन्हा वाढल्या. तात्या बुचकळ्यात पडले. दोन-तीन दिवस त्यांनी तबेल्यावर नजर ठेवली आणि एका सकाळी येऊन आमच्या उंबऱ्यावर बसले.

"वयनी," ते सासूबाईंना म्हणाले, "नबाबाची शिकवनी दोन ठिकानी चाललीय. माझ्याकडं गप्प राहायची, तुमच्याकडं लाथ मारायची. आनि तुमची जास्त जोरात चाललीय."

पहाटेच्या जपात व्यत्यय नको म्हणून लाथ वाजली की सासूबाई तबेल्याकडच्या मागच्या खिडकीतून नबाबाला भाकरी देत होत्या. हे मला तेव्हाच कळलं. कुणाचं एक ऐकून न घेणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच गडबडल्या. "मुकं जनावर उपाशी ठेवायचं का मग?"

"उपाशी नाय, आगाऊ हाय तो. भाकरी द्या की. पन गप्प असंल तेव्हा."

त्या दिवसापासून एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात भाकरी घेऊन सासूबाई नबाब गप्प होण्याची वाट पाहत खिडकीशी उभ्या राहू लागल्या. "देवाची एवढी वाट पाहिली असती तर तो भेटला असता," असं पुटपुटायच्या, पण भाकरी वेळेआधी द्यायच्या नाहीत. दिवाळीच्या आधी चाळमालक स्वतः खात्री करायला पहाटे आला. तबेल्यात नुसता श्वासाचा आवाज. चाळीत मात्र कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं. "घोडा राहू दे," मालक म्हणाला, "पोरांचं बघा आता."

मी ती विद्या घरात वापरून पाहिली. माझे यजमान कामावरून आले की दारातूनच "चहा" म्हणून गर्जायचे. गर्जना झाली की मी चुलीकडे पाठ करायची, आणि ते निमूट बसले की कप पुढे ठेवायचा. आठवडाभरात घर शांत झालं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. "माझ्या मुलाला तोबरा चढवलास होय?" एवढंच म्हणाल्या, आणि हसू लपवायला आत गेल्या.

पुढे तारापूरच्या बसगाड्या वाढल्या. कामगार ट्रकमधून जाऊ लागले. तात्या दिवसचे दिवस स्टेशनाबाहेर बसून रिकामे परत यायचे. त्यांचे गुडघेही धरू लागले होते. मुलीनं मुरब्याला बोलावून घेतलं. नबाबाला जवळच्या नवापूरच्या एका वाडीवाल्यानं घेतलं. त्याला पोचवायला गेलेले तात्या तिथंच राहिले, चांगले चार-सहा दिवस. परत आल्यावर मी विचारलं, एवढे दिवस कशाला? म्हणाले, "घोडा तयार हाय. मालक जरा कच्चा होता."

मुरब्याला निघायच्या दिवशी ते गाठोडं घेऊन आमच्याकडे चहाला आले. रिकाम्या तबेल्याकडे पाठ करून बसले. सासूबाईंनी विचारलं, "तात्या, तुम्ही नवापूरहून निघालात तेव्हा नबाब खिंकाळला असेल ना हो?"

"नाय. गप्प उभा होता. शिकवलेलं इसरला नाय."

त्यांनी चहा बशीत ओतला, आणि बशी तशीच खाली ठेवली.

"वळनापर्यंत कान देऊन चालत होतो, वयनी," ते म्हणाले. "एकदा वरडला असता, तरी चाललं असतं."